कोरडं लाळेरं

३ मार्च १९९८, मंगळवार

बालमंदिरातून बोलावणं. अर्धी रजा टाकून गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "बसा ना आधी." त्यावरूनच कळलं.

रेणूची लाळ. पालकांच्या तक्रारी आहेत. खेळणी ओली होतात, मुलं तिचा हात धरत नाहीत, गोल करून बसताना तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते. जूनपर्यंत लाळ थांबली तर मोठ्या गटात घेऊ. नाहीतर — "तुम्हीच विचार करा, त्रास मुलीलाच आहे." एका वेगळ्या शाळेचा पत्ता त्यांनी चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवला होता. मी चिठ्ठी घेतली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

रेणू आता साडेचार वर्षांची. चालायला उशीर झाला, बोलायला नाही. बोलते पुष्कळ. शब्दांच्या कडा राहत नाहीत, पण घरच्यांना सगळं कळतं. परतताना रिक्षात विचारत होती, "आई, पाल कुणाच्या शाळेत जाते?" मग उत्तरही तिनंच दिलं, लांबलचक. पुंडलिकनगर येईपर्यंत गळ्यातलं लाळेरं भिजून फ्रॉकही पोटापर्यंत ओला.

५ मार्च

घरी सांगितलं. श्रीनिवास म्हणाला, "होईल गं बंद. माझीसुद्धा गळायची म्हणे."

सासूबाई देवाची भांडी पुसत होत्या. "तुझी नव्हती गळत. तुझ्या वेळचे माझे सगळे डोहाळे पुरवले होते."

माझ्याकडे बघितलं नाही. गरज नव्हती. पोटुशी बाईला जे खावंसं वाटलं ते मिळालं नाही तर लेकराची लाळ गळते — हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. अंगणवाडीच्या बाईपासून बँकेच्या मॅनेजरच्या बायकोपर्यंत. मला हे चार वर्षांत नाना तोंडांनी विचारून झालं आहे. काय खावंसं वाटलं होतं? मी प्रत्येकाला एकच सांगते. काही नाही.

९ मार्च, सोमवार

मेंदूचे डॉक्टर. टॉन्सिल वगैरे आधीच तपासून झालं होतं. त्यांनी तिला फुंकर मारायला लावली, जीभ बाहेर काढायला लावली, मग नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, शेजारच्या शेळीचंही सांगितलं. डॉक्टर हसले. बुद्धी छान आहे म्हणाले. तोंडाचे स्नायू सैल आहेत. औषध आहे, पण त्यानं तोंड कोरडं ठाक पडतं आणि पोट साफ होत नाही. ऑपरेशनचं आत्ता नाव नको.

निघताना एक वाक्य म्हणाले, तेवढं कामाचं. "लाळ जास्त नाही हो. ती वेळेवर गिळत नाही."

हे मला समजतं. टाकी भरून वाहते तेव्हा दर वेळी नळच मोठा असतो असं नाही.

१२ मार्च

स्पीच थेरपीच्या बाई. कालिंदी मॅडम. माझ्याच वयाच्या. स्ट्रॉ, पिपाणी, ओठांवर बर्फ, आणि आरसा. "आरशासमोर दोघी बसा. तोंडानं सांगू नका, करून दाखवा. ओठ मिटायचे, गिळायचं. मुलं ऐकत नाहीत, बघतात. तुमचं बघून करेल."

मग विचारलं, "घरी तुम्ही तिच्याशी किती बोलता?"

"गरजेपुरतं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

१५ मार्च, रविवार

जे मोजलं नाही ते सुधारलं असं म्हणता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडं लाळेरं ठेवलं, मग ओलं. फरक लिहिला. रोज लिहिणार. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"लाळ कुणी तोलतं का गं?"

"मी तोलते."

"कारखान्यात असतेस तेच बरं," म्हणाल्या आणि गेल्या. रागानं नाही. खरंच तसं वाटत असावं त्यांना.

कारखान्यात मी गेज, म्हणजे मापं घ्यायची उपकरणं, तपासते. चिकलठाण्याला, एका बंद खोलीत, जिथं बारा महिने वीस अंश असतात आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिथं बरं वाटतं हे खरं आहे.

२० मार्च

आरसा. रेणू आरशात बघतच नाही. माझ्याकडे बघते. मी ओठ मिटते, गिळते, गळ्याला बोट लावून दाखवते. "माझ्यासारखं कर." ती मान वाकडी करून माझा चेहरा बघत राहते, मग विचारते, "आई, तू रागावलीस?" हनुवटीवरून धार.

नाही म्हटलं. पुन्हा केलं.

२८ मार्च, पाडवा

कडुनिंबाची चटणी तिनं थुंकली. बाकी काही लिहिण्यासारखं नाही. वजनात फरक नाही.

६ एप्रिल, सोमवार

भागूबाई आमच्याकडे धुणंभांडी करतात. मूळच्या करमाडच्या. लाळेरी त्याच धुतात, त्यामुळं या विषयात आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. आज पिळता पिळता म्हणाल्या, "वहिनी, खरं सांगा, काय खावं वाटलं व्हतं?"

"काही नाही."

"असं कसं नाय? माझ्या जावंचं पोरगं असंच गळायचं. तिला बोरं लई आवडायची, सासूनं दिली नाय. मग बोरं आणली, पोराच्या व्हटाला लावली. आठ दिसांत बंद."

"चार वर्षांचा झाला असेल तोपर्यंत. बहुतेकांची तेव्हा बंद होते."

"व्हय. पण बोरं लावल्यावरच झाली ना?" मग बादली उचलताना, "काय बी वाटलं नाय म्हणं. माणूस हाय का मशीन?"

सासूबाई आत हसल्या. मला ऐकू आलं.

८ एप्रिल

सासूबाईंनी आणि भागूबाईंनी एकत्र येऊन ठरवलंय की मी सांगणार नाही, तर त्या अंदाजानं जातील. काल चिंच. आज कवठ. बोट बुडवून रेणूच्या ओठांना लावायचं, उरलेलं मला खायला लावायचं. मी खाते. वाद घालायला वेळ लागतो.

१३ एप्रिल

पेरू. शहागंजातली इमरती. लिंबाचं जुनं लोणचं. रेणूला हा खेळ फार आवडला आहे. संध्याकाळ झाली की ओठ पुढं काढून आजीसमोर उभी राहते — "आज काय?"

भागूबाईंनी करमाडहून चुलीत भाजलेली माती आणली. "मातीचं बी असतंय बायांना." मी नको म्हटलं. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. म्हणजे मातीच होती असा त्यांचा समज झाला आहे.

१९ एप्रिल, रविवार

वजन तसंच. उलट स्ट्रॉच्या व्यायामानंतर वाढतं. कालिंदी मॅडम म्हणतात असं होतं, धीर धरा. किती दिवस, ते सांगत नाहीत.

ऊन भयंकर आहे. लाळेरी दोरीवर घालता घालताच वाळतात. एवढाच काय तो फायदा.

२ मे, शनिवार

शेजारी वाढदिवस. सगळी मुलं पंगतीला चटईवर. रेणूला यजमानीणबाईंनी वेगळं, दाराजवळ स्टुलावर बसवलं — "तिला मोकळं मोकळं बरं वाटेल." चमचाही वेगळा दिला. रेणूच्या लक्षात आलं नाही असं मी धरून चालले होते. घरी येताना जिन्यात म्हणाली, "आई, त्या मुली म्हणाल्या मी थुंकी आहे."

थुंकी लागली आहे असं नाही. थुंकी आहे.

मी तिचं तोंड पुसलं. रात्री श्रीनिवासला सांगितलं तर तो त्या लोकांना बोलायला निघाला, त्याला थांबवलं. त्यानं काय होणार आहे?

काही होणार नाही असं मला आता वाटतं. कशानंच.

४ मे

आज ती आरशासमोर न बोलावता येऊन बसली. ओठ मिटले. माझ्याकडे बघत राहिली. मीही.

९ मे, शनिवार

सासूबाई लाळेऱ्यांच्या घड्या घालत होत्या. मी समोर बसले, अर्ध्या मी घेतल्या. घडी घालता घालता म्हणाल्या, "वाढदिवसाचं मला श्रीनिवासनं सांगितलं. मी आहे तोवर तिचा हात धरीन. पुढं?" मग, "तू हे सगळं थोतांड समजतेस, मला कळतं. पण तुझे ते व्यायामही करून झालेच की. सांग मला. देवाशपथ, श्रीनिवासलासुद्धा सांगणार नाही."

लाळेऱ्यावर बदक होतं, धुऊन धुऊन फिकं झालेलं.

मी सांगितलं. "नान-खलिया."

सहावा महिना होता. तपासणीहून येताना रिक्षा शहागंजात अडकली. समोर मोठी डेग, लालसर पिवळा रस्सा, वर तेलाचा तवंग, शेजारी नानांची थप्पी. आमच्या माहेरी आणि इथंही कांदा-लसूणसुद्धा चार महिने बंद. मी आयुष्यात ते कधी तोंडात घातलं नव्हतं. तरी रिक्षा सुटली तेव्हा उतरून पडावं इतकं ते हवं झालं. महिनाभर रोज. कुणाला सांगणार?

"ते कशाचं असतं?" सासूबाई.

"मटणाचं."

त्यांनी हातातलं लाळेरं पूर्ण घडी करून गठ्ठ्यावर ठेवलं. "बरं," म्हणाल्या. आणि हाक मारली, "श्रीनिवास!"

देवाची शपथ एवढीच टिकली.

१० मे, रविवार

श्रीनिवासनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी आणतो. चांगलं कुठं मिळतं ते मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?" सासूबाई.

तो चप्पल शोधायला लागला.

"श्रीनिवास, तुला कसं माहीत?"

"बँकेतले लोक आणतात कधीकधी. डब्यात." मग आणखी हळू, "वास येतो ना."

"नुसता वास?"

तो गेला. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मी मूर्ख चिंचा आणत बसले." त्यानंतर मला हसू आलं. त्यांनाही आलं. बऱ्याच दिवसांत असं झालं नव्हतं.

घरात नको, गच्चीवर, असं ठरलं. डबा नंतर भागूबाईंना देऊन टाकायचा. सासूबाई गच्चीच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या — पण उभ्या. त्यांनी स्वतः सांगितलं, "आधी तू खा. मग पोरीच्या ओठाला."

खाल्लं. तिखट, गरम, तेलकट. चांगलं असावं. रिक्षात हवं झालं होतं ते हे नव्हतं. ते आता कुठंच नसेल. रेणूच्या ओठाला रस्सा लावला, तर तिचे डोळे भरले, तोंड उघडं पडलं, नेहमीपेक्षा दुप्पट गळली. श्रीनिवासनं उरलेलं संपवलं. आईकडे पाठ करून.

१४ मे, गुरुवार

लाळेरं दुपारी बदललं नाही असं सासूबाईंनी सांगितलं. गरज पडली नाही म्हणे. विश्वास ठेवला नाही.

१७ मे, रविवार

दिवसभर घरी होते, लक्ष ठेवलं. रेणू ओठ मिटून असते. गिळते — गळा हलताना दिसतो. संध्याकाळी काट्यावर ठेवलं. फरक जवळजवळ नाही. दुसऱ्या काट्यावर तोलून बघावं म्हणून खाली किराणा दुकानात गेले. तिथंही तेच.

सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. भागूबाई म्हणाल्या, "बघा. बकऱ्याचं व्हतं, म्हणून येवढं ताणलं."

मी म्हटलं, आरशाचा व्यायाम दोन महिने झाला आहे, त्याचा परिणाम. भागूबाई म्हणाल्या, "व्हय व्हय, आरशाचा." दोघी माझ्याकडे प्रेमानं बघत होत्या. अशा वेळी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

२४ मे

कोरडं. काल कोरडं, आज कोरडं. लाळेरं घालणं बंद केलं. तिची हनुवटी मी पहिल्यांदा नीट पाहिली. तिथली त्वचा कायम लाल असायची, आता निवळते आहे. मध्ये बारीकशी खळी आहे. श्रीनिवाससारखी.

१ जून, सोमवार

बालमंदिरात घेऊन गेले. रेणू खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली. मोठ्या बाईंनी नाव विचारलं, तिनं हसून मान खाली घातली. रंग दाखवले, बोटानं बरोबर दाखवले. बाई म्हणाल्या, "किती शांत आणि गुणी झाली आहे. काय जादू केलीत?" मोठ्या गटात घेतलं. पंधरा तारखेपासून.

बाहेर आल्यावर ती चिठ्ठी पर्समधून काढून फाडली.

४ जून

कामावर एक डायल गेज आला होता. काटा शून्यावर, एकदम स्थिर. हाताखालच्या मुलीनं "ओके"चा शिक्का मारायला घेतला. मी तिला सांगितलं, इतका स्थिर असेल तर आधी अडकलाय का ते बघ. अडकलाच होता.

बसमध्ये बसल्यावर रेणू डोळ्यांपुढं आली. ती शेवटचं काय बोलली ते आठवत बसले आणि आठवेना.

५ जून, शुक्रवार

पहाटे तिची उशी बघितली. ओली. खोळ, आतला कापूस, सगळं. पूर्वीइतकीच. म्हणजे स्नायू आहेत तसेच आहेत. झोपेत सुटतं. दिवसा ती धरून ठेवते.

आणि बोलायचं तर तोंड उघडावं लागतं.

श्रीनिवासला विचारलं, रेणू तुझ्याशी शेवटचं काय बोलली? तो म्हणाला, काल — मग थांबला. म्हणाला, परवा काहीतरी. मग खाली बसला. सासूबाई म्हणाल्या, मान हलवते की, सगळं समजतं तिला, समजूतदार झाली. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. भागूबाई तर सरळच म्हणाल्या, "आठवडा झाला, पोरीनं मला हाक नाय मारली. म्हटलं, शाळंचा धाक घातला आसंल तुम्ही."

आम्ही चौघं. सगळे कोरडं लाळेरं बघत होतो.

६ जून

कालिंदी मॅडमनी रेणूला खेळायला सोडलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तिनं हिशोब केला. बोललं की गळतं, गळलं की कुणी जवळ घेत नाही. आता ओठांचं नाव काढू नका. आरसा बंद. तुम्ही तिच्याशी बोला. काहीही. तुमच्या दिवसाबद्दल."

संध्याकाळी बोलायला बसले. सांगितलं, आज बसला गर्दी होती. सांगितलं, माझ्या खोलीत थंड असतं. पुढं काही येईना. रेणू वाट बघत होती, डोळे माझ्या तोंडावर. मी म्हटलं, "ओली झालीस तरी चालेल. बोल." तिचे ओठ पांढरे होईपर्यंत दाबलेले.

पाल भिंतीवर होती, मी दाखवली. तिनं बघितली. मान हलवली.

७ जून, रविवार

बोलली तर शाळा नाही. शाळा हवी तर बोलणं नाही. श्रीनिवास म्हणतो, शाळा गेली खड्ड्यात. त्याचं बरोबर आहे, मीही तेच म्हणते. पण शाळा सोडली तरी ती बोलेल याची खात्री कुणाला आहे? सासूबाई सकाळपासून जपाला बसल्या आहेत. डोहाळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. लाळेरी कपाटातून काढून पुन्हा वर ठेवली. सगळी कोरडी.

माझ्याच्यानं हे सुधारेल असं वाटत नाही.

९ जून, मंगळवार

कामावरून आले तेव्हा रेणू खाटेवर ताठ बसली होती, खांद्याला माझी जुनी पर्स अडकवून, हात मांडीवर, ओठ मिटलेले. सासूबाई विचारत होत्या, "काय खेळतेस गं सोन्या? सांग की आजीला."

तिनं आधी लाळ गिळली. मग तोंड उघडलं.

"मी आई झालेय," म्हणाली, आणि ओठ परत मिटले.